गुड्डीच्या हातच्या कांड्या

दामिनीला आळशी ठरवायला आमच्या गल्लीला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. आमच्या अड्याळ गावात नळ अर्धा तास येतो. तेवढ्या वेळात चार गुंड, म्हणजे घागरी, पाणी भरून होतं आणि कोणाच्या तरी सुनेचा निकालही लावून होतो.

“दिवसभर लोळून राहते म्हणे.”

“केस पाहिले काय तिचे? आठ दिवसांत फणी नसन लागली.”

“मोबाईल पाहत असन पडल्या पडल्या. दुसरं काय काम आहे.”

मोबाईल ती पाहत नव्हती. तो तिच्या उशाशी वाजून वाजून गप्प व्हायचा. मी शेजारची, आमच्या दोघींच्या अंगणात कमरेएवढी भिंत, त्यामुळे मला माहीत होतं. माहीत असून मी नळावर काही बोलले नाही, म्हणजे मीही त्या निकालावर सही केलीच.

दामिनी कोंढ्याच्या जागेश्वरची मुलगी. त्यांच्या घरचे माग आजोबाच्या वेळीच मोडले, नंतर ते धान करू लागले. लग्न होऊन आली ती भूपेंद्रच्या घरी, जिथे माग अजून चालतो. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात, काठाला करवतीसारखे दात असलेल्या. त्या घरात पाऊल टाकलं त्याच महिन्यात सासूनं, उषाबाईनं, तिला चरख्यावर बसवलं. बोटाएवढ्या नळीवर धागा भरायचा, तिला कांडी म्हणतात. कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडे धावतो. कांडी सैल भरली तर धागा ढिला सुटतो, कापडावर पट्टा दिसतो. घट्ट भरली तर धागा तुटतो. विणणारा केवढाही कारागीर असो, त्याची अब्रू कांडी भरणाऱ्या बाईच्या दोन बोटांत असते. नाव मात्र विणणाऱ्याचंच होतं.

दामिनीची कांडी अशी यायची की हातात धरली तर वाटावं यंत्रातून निघाली. भूपेंद्र चहाच्या टपरीवर फुशारकी मारायचा, “डोळे बांधा माहे अन् कांडी हातात द्या. कोणाच्या हातची ते सांगतो. आमच्या घरची तं अंधारातही ओळखतो.” ही फुशारकी लक्षात ठेवा.

मागच्याच्या मागल्या पावसाळ्यापासून ती विझत गेली. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. मग अंगणात रांगोळी थांबली. रडायची नाही. रडली असती तर बरं झालं असतं, कारण रडणारी बाई लोकांना समजते. ही नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. मुलगी गुड्डी दुसरीत. ती शाळेतून येऊन काहीबाही सांगत राहायची आणि दामिनी “हं” म्हणायची. ते “हं” ऐकून मला राग यायचा. लेकरू एवढं जीव तोडून सांगतं आणि हिला मान वळवायला जड जातं, असं वाटायचं.

लोकांचं एकच तुणतुणं होतं, कारण काय? नवरा पीत नाही, मारत नाही. घर पक्कं आहे, पोरगी हुशार आहे. मग कशाचं दुःख? जणू दुःखानं आधी आधारकार्ड दाखवलं पाहिजे, मगच त्याला घरात घ्यायचं. उषाबाईला शुगर आहे. ती का झाली म्हणून तिला कोणी नळावर विचारलं नाही. ती सकाळ-संध्याकाळ गोळी घेते आणि वर चहात चोरून साखर घालते, तेही कोणी विचारत नाही.

उपाय सांगणारे मात्र रांगेनं आले. बचत गटाची अध्यक्षीण म्हणाली योगा कर. ती स्वतः खुर्चीतून उठताना दोघींचा हात धरते. दामिनीनं एकदा वडिलांना फोन करून सांगितलं, “बाबा, मले काहीच चांगलं नाही वाटत.” जागेश्वरनं दुसऱ्या दिवशी एसटीत एक कट्टा नवा तांदूळ चढवून दिला. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि बापानं तांदूळ पाठवला. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही, पण कट्टा बांधायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तो स्वतः येऊन गेला असता.

मीही मागे नव्हते. मी तिला सांगितलं, शनिवारी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घाल, मन हलकं होईल. आली बिचारी. पाचव्या प्रदक्षिणेला पायरीवर बसली ती उठलीच नाही. मी घरी येऊन म्हटलं, भक्तीच नाही हिच्यात. मारुतीनं तेव्हा माझ्याकडे कसं पाहिलं असेल ते तोच जाणे.

आणि यादोराव. ह्याच्याबद्दल लिहिताना मला हात धुवून घ्यावेसे वाटतात. गावाबाहेर टिनाच्या शेडमध्ये कूलर लावून बसतो, दर रविवारी अंगारा देतो. चार बुकं शिकलेला नाही, पण बायकांच्या डोक्यात काय आहे ते त्याला केस न सोडता दिसतं. दामिनीला पाहून म्हणाला, तळ्यावरची बाई लागली. मी रोज देवापुढे दिवा लावते, मला देवाची लाज वाटली नाही कधी. देवाच्या आडून बोलणाऱ्या ह्या माणसाची वाटते. उषाबाई त्याच्याकडून दर रविवारी पुडी आणायची. स्वतःच्या शुगरसाठी मात्र तिनं कधी अंगारा मागितला नाही. तिथं तिला गोळीच लागते.

नवरात्र बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी भूपेंद्र भंडाऱ्याहून आला. शेठनं साडी परत केली होती. मधोमध तीन ठिकाणी पट्टे. त्यानं पिशवी ओट्यावर टाकली आणि कांड्यांची टोपली उचलून अंगणात भिरकावली. कांड्या माझ्या भिंतीपर्यंत घरंगळत आल्या.

“हे काय भरून ठेवलं? पंधरा वर्षं झाले माग चालवून राहिलो, अशी बेइज्जती नाही झाली माही. पडून राहाचं अन् हात लावला तं असा. नसन होत तं सांग, चरखा विकून टाकतो.”

दामिनी आत पडलेली. उषाबाई दारातून म्हणाली, “तिले कायले सांगतं? भिंतीले सांग. भिंत तरी आयकन.”

तेव्हा गुड्डी पुढे झाली. शाळेचा गणवेश अजून अंगावर होता. कांड्या गोळा करता करता ती म्हणाली, “बाबा, आईले नका बोलू. त्या मीच भरल्या.”

“कोणत्या?”

“साऱ्याच. शाळेत जायच्या आधी भरतो मी, आजी नळावर राहते तवा. आई भरते असं आजीले वाटावं म्हणून.”

पोरीनं हात पुढे केला नव्हता, पण मी भिंतीवरून पाहिलं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर कोशाच्या धाग्यानं कापलेल्या बारीक रेषा. काही सुकलेल्या, काही ताज्या. महिनाभर हा कारागीर सात वर्षांच्या लेकराच्या हातच्या कांड्या धोट्यात घालत होता. अंधारात ओळखणारा. दिवसाउजेडी ट्यूबलाइटखाली त्याला कळलं नाही.

दामिनी दारात आली. किती दिवसांनी तिला उभी पाहत होते. ती गुड्डीजवळ बसली आणि तिचा हात उलटा करून पाहिला.

“कधीपासून?”

“पोळ्यापासून.”

“मले काहून नाही सांगतलं?”

“तू आयकत नव्हती ना,” गुड्डी म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. शाळेत बाईंनी विचारलं तर सांगावं तसं सांगितलं. मग हळूच, “आई, मी चप्पल हरवली म्हणून तू अशी झाली काय?”

दामिनी उठली. मग भिंतीशी आली आणि माझ्याशी बोलली. तिचा आवाज खरखरीत झाला होता, न वापरलेल्या दाराच्या कडीसारखा.

“काकू, माही पोरगी महिनाभर माह्या जागेवर बसून राहिली, अन् मले माहीत नाही. दोन हातावर चरखा. मले आवाजही येत होता. हे आळस नाही काकू. आळशाले तं माहीत असते आपण काय टाळून राहिलो ते. मले काहीतरी झालं आहे. मले दवाखान्यात न्या.”

एवढ्या शहाण्यांच्या गल्लीत पहिलं शहाणपणाचं वाक्य ती बाई बोलली, जिला सगळे बिघडलेली म्हणत होते.

पण तोवर घरात दुसराच बेत शिजला. उषाबाईनं रात्रीचं जेवण होण्याच्या आतच मुलीला फोन लावला. मुलगी म्हणजे भूपेंद्रची मोठी बहीण शोभाताई, दिघोरीला दिलेली. ठरलं असं की भाऊबीजेला शोभाताई येईल आणि गुड्डीला घेऊन जाईल, शाळेचा दाखलाही तिकडेच नेईल. दामिनीला कोंढ्याला पोचवायचं. बरी झाली तर आणू. ‘तर’ हा शब्द उषाबाई असा उच्चारायची की त्यातच दार लागायचं. आणि शोभाताईची भाचीवरची माया मला ठाऊक होती. तिच्या घरी दोन म्हशी आणि एक लहान लेकरू, आणि हाताशी कोणी नाही. स्वतःचा मोठा पोरगा इंग्रजी शाळेत जातो. तो शेणाला हात लावत नाही.

भूपेंद्र काय म्हणाला? “मी तं काहीच नाही म्हणलो बाप्पा.” खरंच होतं. त्यानं आयुष्यात कधी काही म्हटलंच नाही, कांड्या फेकल्या तेवढ्याच.

दुसऱ्या दिवशी मी शालूला बोलावलं. शालू आमच्या भागातली आशा सेविका. पोरी तिला पाहून पळतात, कारण ती गोळ्या डोळ्यांसमोर गिळायला लावते. तिनं बॅगेतून एक कागद काढला.

“गेल्या पंधरा दिवसांत कितीदा असं वाटलं का कशातच मन नाही लागत?”

“पंधरा दिवसच काहून?” दामिनी म्हणाली. “दीड वर्ष झालं.”

शालू एकेक विचारत गेली. झोप, भूक, थकवा, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटणं. मग तिनं कागद खाली ठेवला आणि सरळ विचारलं, “मरून जावं असं येते काय मनात?”

“मरावं असं नाही. पण तळ्याकडे गेलं का वाटते, वापस कायले जावं.”

मी तिला तळ्याकडे जाताना पाहिलं होतं. एकदा नाही, तीन-चारदा. मला वाटलं होतं, चला, कपडे धुवायला तरी निघाली.

“उद्याच जाऊ,” शालू म्हणाली. “तोवर हिले एकटं नाही सोडायचं. काकू, तुमी इथंच झोपा.” मी झोपले. उषाबाईनं चटई दिली, पण अशी टाकली की जणू मी तिचं घर लिहून घ्यायला आले.

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची वेगळी खोली आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. सोनोग्राफी कुठे होते ते तर पोरीबाळींनाही पाठ असतं. भूपेंद्र आला नाही. मागावर काम होतं म्हणे. परत आलेल्या साडीचे पट्टे मोजत बसला असेल.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं घाई केली नाही. म्हणाली, ह्याला नैराश्य म्हणतात, डिप्रेशन. आजार आहे, स्वभाव नाही. गोळ्यांचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतील. मधे सोडायच्या नाहीत. दर आठवड्याला इथल्या ताईंशी येऊन बोलायचं. तळ्याचे विचार आले तर लगेच घरात सांगायचं, नाहीतर ह्या नंबरवर फोन करायचा. मग तिनं गुड्डीबद्दल विचारलं. दामिनीनं चपलेची गोष्ट सांगितली आणि दीड वर्षात पहिल्यांदा रडली.

“आज घरी गेल्यावर तिला एवढंच सांगा,” डॉक्टरीण म्हणाली, “की आई आजारी आहे, औषध घेते आहे, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. मुलांना कारण मिळालं नाही तर ती स्वतःलाच कारण धरतात.”

घरी येऊन दामिनीनं सांगितलं. गुड्डीनं विचारलं, “मंग चप्पल सापडली तरी तू लगेच बरी नाही होणार?” “नाही.” “बरं,” म्हणून ती खेळायला गेली. त्या पोरीला दोन वाक्यांत समजलं. गल्लीला अजून समजायचं आहे.

गोळ्या सुरू झाल्या. आठवा-नववा दिवस असेल, दामिनी पुन्हा भिंतीकडे वळली. शालू आली, पट्टी मोजली, गोळ्या बरोबर संपत होत्या. तिची भिवई वर गेली. गुड्डी म्हणाली, “आजी गोळी काढून मोरीत टाकते अन् पाण्यात अंगारा घालून देते, आईले सांगते गोळी विरघळवली म्हणून. यादोराव बुवानं सांगतलं. पागलाच्या गोळीनं तळ्यावरची बाई चिडते म्हणे.”

शालू उषाबाईसमोर जाऊन उभी राहिली. “मावशी, तुमच्या शुगरच्या गोळ्या कुठं आहेत?”

“कायले?”

“मोरीत टाकतो. तुमाले अंगारा देतो. पाहू किती दिवस चालते.”

“तुयं तोंड लय चालते वो शालू.”

“तोंड चालते म्हणून तं तुमची नात लसीले आली होती. नाहीतं बुवाच्या शेडमध्ये नेली असती तुमी.”

त्या दिवसापासून गोळ्यांची पट्टी माझ्या घरी आली. मी ती देवघरात ठेवली, समईच्या बाजूला. सकाळी दिवा लागला की दामिनी भिंतीपलीकडून यायची, हात जोडायची, गोळी घ्यायची, मी पाणी द्यायचे. देवाजवळ औषध ठेवण्यात मला पाप वाटलं नाही. अंगाऱ्याच्या पुडीनं ती जागा घराघरांत इतकी वर्षं अडवली होती, त्याचं वाटलं. देवानं डॉक्टरीण केली ती काही उगीच नाही.

असं नका समजू की मग सगळं उजळलं. काही दिवस ती उठायची आणि अंगणात येऊन उभी राहायची, तेवढंच. तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. गल्ली म्हणायची, पाहा, गोळ्यांनी आणखीन सुस्त केली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला चरख्याचा आवाज आला. भिंतीवरून पाहिलं तर दामिनी बसली होती आणि गुड्डी बाजूला दप्तर भरत होती. दोनच कांड्या भरल्या तिनं. मग हात खाली ठेवून दम खाल्ला. पण दोन भरल्या.

भाऊबीजेला शोभाताई आली. रिकामी मोठी बॅग घेऊन आली, बॅग उघडून ओट्यावरच ठेवली. भावाला ओवाळलं, चकल्या खाल्ल्या, मग हात पुसून म्हणाली, “चला, गुड्डीचे कपडे काढा. चारची गाडी आहे.”

मी फराळाचं ताट द्यायच्या निमित्तानं गेले होते. ताट कोणी घेत नव्हतं, म्हणून मी उभीच होते.

दामिनी चरख्यावर होती. केसांना तेल लावलेलं, वेणी सैल. ती उठली नाही. म्हणाली, “गुड्डी नाही येणार, ताई.”

“असं कसं? मामीनं सांगतलं तं मी आली.”

आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. शोभाताई भावजयीच्या तोंडचा शब्द वापरून बोलली, म्हणजे तिला तिची पायरी दाखवत होती.

उषाबाई मधे पडली. “तुले स्वतःले सांभाळणं होत नाही, पोरगी काय सांभाळशीन? तू बिमार आहे.”

“हो, बिमार आहे मी,” दामिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “म्हणून तं दवाई घेऊन राहिली. मामी, तुमाले दहा वर्षं झाले शुगर आहे. तुमाले कोणी दिघोरीले पाठवलं काय?”

गुड्डी खुदकन हसली. शोभाताईनं भावाकडे पाहिलं. “भूपेंद्र, तू काही बोलशीन का नाही?”

भूपेंद्र मागाजवळ उभा होता. डॉक्टरीणबाईनं मागच्या आठवड्यात त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि तासभर समजावलं होतं. त्या तासाभरातलं जे काय डोक्यात उरलं होतं ते शोधत असेल.

“राहू दे तिले इथंच,” तो शेवटी म्हणाला. “शाळा आहे.”

एवढंच. शाळा आहे. बायकोसाठी नाही, पोरीच्या बोटांसाठी नाही, पटसंख्येसाठी.

दामिनीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती शोभाताईला म्हणाली, “बुधवारी माही भंडाऱ्याची तारीख आहे. गुड्डीले सोबत नेतो मी. तिले डॉक्टरीणबाईले भेटाचं आहे. उन्हाळ्यात बरी असली तं आमी दोघी येऊ तुमच्याकडे, चार दिवस. पाहुण्या म्हणून.”

शोभाताई चारच्या गाडीनं गेली. रिकाम्या बॅगेत उषाबाईनं करंज्या भरून दिल्या, म्हणजे अगदीच रिकामी नको दिसायला. गाडीत चढताना ती मला म्हणाली, “फार शेफारली वो ती, गोळ्या खाऊन.” मी म्हटलं, “हो, डॉक्टरीणबाई म्हणे हाच गुण आहे गोळीचा.”

दामिनी आता बरी आहे असं मी लिहिणार नाही. बरी होत आहे. काही सकाळी ती भिंतीशी येते आणि सांगते, “काकू, आज जड आहे.” मग त्या दिवशी कांड्या कमी होतात आणि गुड्डी माझ्याकडे जेवते, आणि आई कशी आहे ते ती मला सांगते, जसं हवामान सांगावं तसं. गुड्डीला आता चरख्याला हात लावू देत नाहीत. उषाबाई नळावर सांगत असते की यादोरावच्या अंगाऱ्यानं सून उठली, गोळ्यांचं नुसतं नाव. सांगो. त्या अंगाऱ्याचं श्रेय घ्यायला तळ्यावरची बाई येत नाही तोवर सांगो.

आणि भूपेंद्र. परवा भिंतीवरून पाहिलं. त्यानं टोपलीतून कांडी उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली, पुन्हा दाबली. मग दामिनीकडे पाहिलं. ती चरख्यावर होती, पाठमोरी. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. त्यानं कांडी धोट्यात बसवली आणि माग सुरू केला.